शंकूत न दिसणारा धोका
अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राच्या नकाशावरील ‘अनिश्चितता शंकू’ वादळाच्या केवळ केंद्राचा संभाव्य मार्ग दाखवतो; मागील पाच वर्षांच्या अंदाजांतील चुका मोजून, केंद्र सुमारे दोन तृतीयांश वेळा आत राहील इतकी त्याची रुंदी ठरवण्याची पद्धत रूढ झाली. तो पुढे रुंदावतो, ते वादळ मोठे होणार म्हणून नव्हे, तर अंदाजाची खात्री घटत जाते म्हणून. २००४ साली फ्लोरिडात अनेकांची नजर टॅम्पाकडे जाणाऱ्या मधल्या काळ्या रेषेवरच खिळली, आणि चार्ली वादळ आधीच उजवीकडे वळून पुंटा गोर्डा परिसरावर आदळले, जो शंकूच्या आतच होता. सर्वांत घातक ठरू शकणारी वादळी लाट, म्हणजे वाऱ्याने किनाऱ्यावर रेटलेले समुद्राचे पाणी, शंकूत दिसतच नाही. तिच्यासाठी स्वतंत्र इशारे २०१७ पासून नियमित झाले, आणि ते फारच उशिरा आले.