एक नियंत्रक, दोन पडदे

१ जुलै २००२ च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावर एक रशियन तुपोलेव्ह आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग हवेत धडकलं. ७१ जण गेले. बहुतेक सुट्टीला निघालेली मुलं.

तिथलं आकाश झुरिकहून सांभाळलं जाई. रात्रपाळीच्या दोन नियंत्रकांपैकी एक विश्रांतीला गेला होता. ही पद्धत नियमात बसत नव्हती, पण व्यवस्थापनाने ती चालू दिली होती. उरलेला एकटा दोन पडदे बघत, उशिरा आलेलं तिसरंच विमान उतरवण्यात गुंतला होता. त्यात देखभालीच्या कामामुळे पडद्यावरची टकरीची सूचना बंद, मुख्य फोनही बंद. कार्ल्सरूहच्या नियंत्रकांना धोका दिसत होता, पण फोन लागेना!

विमानांतली टीकॅस यंत्रणा परस्परांत ठरवून एकाला वर, दुसऱ्याला खाली पाठवते. तुपोलेव्हला ती म्हणाली ‘वर’, नियंत्रक म्हणाला ‘खाली’. वैमानिकांनी माणसाचं ऐकलं, बोइंगने यंत्राचं. म्हणून दोन्ही विमानं खालीच आली. वैमानिकांना दोष देणं मला पटत नाही, कारण कोणाचं ऐकायचं याबद्दल नियमपुस्तकंच गोंधळलेली होती. जपानमध्ये २००१ साली अशाच विसंवादातून दोन विमानं जेमतेम बचावली होती. तरी टीकॅसचा आदेश आधी, हे निःसंदिग्ध झालं ते युबरलिंगेननंतर.

मनुष्यबळाचं मात्र तितकं सोपं नाही. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनला प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर धडकून ६७ जण गेले, तेव्हा विमानं आणि हेलिकॉप्टरं दोन्ही एकच नियंत्रक हाताळत होता.