कापसाच्या दोन शहरांचे गाणे

मिसिसिपीकाठचे मेम्फिस आणि आपली शिवडी यांचे नाते आधी कापसाचे आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत तिकडचा कापूस लँकेशायरला पोचेनासा झाला आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या घरी लक्ष्मी पाणी भरू लागली. युद्ध संपताच तेजीही आपटली. पुढे कुलाब्याचा कापूसबाजार शिवडीच्या भरावावर आला, सोबत ‘कॉटन ग्रीन’ हे नावही. मेम्फिसच्या आसपास कापूस वेचणाऱ्या कृष्णवर्णीयांचे ब्लूज हे गाणे शहरातल्या बील स्ट्रीटवर स्थिरावले. इकडे गिरणगावात मुलूख सोडून आलेल्यांचे गाणे शाहिरीतून उमटले. मुंबईचे ब्लूज शोधणारे बहुधा जॅझच्या मागावर ताजमहाल हॉटेलात शिरतात. त्यांनी लाल बावटा कलापथकाकडे वळावे, असे माझे म्हणणे आहे.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी हे पथक १९४४ मध्ये उभे केले. अण्णाभाऊ वाटेगावचे, अमर शेख बार्शीचे. घाटावरची बोली आणि ढोलकी-तुणतुणे त्यांच्या अंगातच होते. अण्णाभाऊंनी तमाशाचा साचा ठेवला, पण गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन आणले, गौळण गाळली आणि वगात सावकार व मालक उभे केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा तोच ऐवज ‘लोकनाट्य’ म्हणून रंगला. बंदीला असे चकवणे ही अस्सल तमासगिरी.

या पथकाला मुंबईचे ब्लूज म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की ब्लूज एकट्याचे दुःख सांगते आणि हा तर कम्युनिस्ट पक्षाचा प्रचार. पण ‘मेम्फिस ब्लूज’ हे डब्ल्यू. सी. हँडीचे १९१२ साली छापलेले गीतच, त्याच्या सांगण्यानुसार, क्रम्प नावाच्या उमेदवाराच्या निवडणूक प्रचारासाठी रचलेल्या चालीतून आले. उलट अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड गावी राहिलेल्या बायकोच्या विरहाने सुरू होते आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीपर्यंत पोचते. पोटासाठी घर सोडलेल्याच्या लेखी बायकोची आणि खंडित मुलखाची, या दोन ताटातुटी वेगळ्या नव्हत्याच. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: खरा जॅझ वाजवला तो गोवेकरांनी. ते कबूल. चिक चॉकलेटसारख्या वादकाने सी. रामचंद्रांच्या संगीताच्या ‘अलबेला’ चित्रपटात (१९५१) त्याचा ठसका घराघरांत नेला, हे ऋण मोठेच. पण वाद्य आणि ताल अमेरिकेतले असले म्हणजे जागाही तीच होते असे नाही. ब्लूजची जागा श्रमिकांच्या वस्तीत होती, आणि मुंबईत ती शाहिरांनी धरली.

बील स्ट्रीट आज पर्यटकांचा बाजार आहे; शाहिरीचा वारसा जपू गेल्यास त्याचाही असा तमाशा (वाईट अर्थाने) होईल, ही भीती रास्त आहे. म्हणून मेम्फिसच्याच स्टॅक्स या ध्वनिमुद्रण स्टुडिओचे उदाहरण घ्यावे. ती इमारत १९८९ मध्ये पाडली गेली, २००३ मध्ये त्याच जागी संग्रहालय आले आणि शेजारी मुलांची संगीत अकादमीही चालते. आपल्याकडे अमर शेखांच्या नावाचे अध्यासन मुंबई विद्यापीठात आहे. अभ्यासाला ते ठीक, पण ज्यांच्या आजोबांनी १९८२ च्या गिरणी संपात नोकरी गमावली, ती मुले शिवडी-लालबागच्या चाळींत आणि टॉवरांत राहतात. त्यांना झील धरायला शिकवायचे तर ढोलकी, तुणतुणे, एक जाणता शाहीर आणि संध्याकाळी मोकळा मिळणारा शाळेचा वर्ग एवढ्यावर सुरुवात होते.