निळा थेंब, पिवळा थेंब

पांढऱ्या टाइलवर तीन थेंब पडतात. एक निळा, एक पिवळा, एक बिनरंगी. निळ्यात ए-विरोधी प्रतिपिंडं, पिवळ्यात बी-विरोधी, बिनरंगी थेंबात आरएच तपासण्याचं द्रव्य. रक्तपेढीतला तंत्रज्ञ प्रत्येकात रक्ताचा थेंब सोडतो, काडीने कालवतो आणि टाइल हातात घेऊन हलकेच डुलवत राहतो. बघता बघता निळ्या थेंबातलं रक्त नासलेल्या दुधासारखं फाटतं, लाल कणांच्या गुठळ्या दिसू लागतात. पिवळ्यातही तेच.

गट एबी.

शाळेत मेंडेलचे वाटाणे सगळ्यांनीच वाचलेले असतात. उंच आणि बुटक्या रोपांचा संकर केला की पहिल्या पिढीत बुटकेपणा नावालाही दिसत नाही. टाइलवर मात्र वेगळंच काही चाललेलं असतं. एका पालकाकडून ए आणि दुसऱ्याकडून बी आलेलं हे रक्त. दोघांपैकी कुणीच मागे हटत नाही आणि मधलं मिश्रणही तयार होत नाही. एकाच तांबड्या पेशीवर दोन्ही प्रतिजनं पूर्ण उमटतात. सहप्रभावी जनुकं डोळ्यांनी पाहायची तर याहून सोपी जागा नाही.

ए आणि बीची जनुकं नवव्या गुणसूत्रावर असतात. पेशीवरच्या शर्करेच्या साखळीला ए एक साखर जोडतं, बी दुसरीच. ओचं विकर निकामी असल्याने साखळी तशीच राहते. म्हणून ए किंवा बी सोबत असलं की ओ दिसत नाही. त्याच्याकडे दाखवायलाच काही नसतं.

या हिशेबाचे परिणाम घरोघरी पोचतात. वडील एबी आणि आई ओ असेल तर मूल सहसा ए किंवा बी होतं, म्हणजे आईबापांपैकी कुणाशीच त्याचा गट जुळत नाही. वडील ए, आई बी आणि मूल ओ, हेही शक्य आहे. केवळ कार्डावरचा गट वाचून आईवर संशय घेणं हा निव्वळ अन्याय आहे, आणि तो थांबलाच पाहिजे.

टाइलवर काम संपत नाही. रक्त फिरवून वर आलेला द्रव माहीत असलेल्या ए, बी आणि ओ पेशींशी पुन्हा ताडून पाहतात. ओ पेशींच्या गुठळ्या सहसा कुणाच्याच द्रवाने होत नाहीत. १९५२ साली मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये ज्या रक्ताची नोंद केली, त्याच्या द्रवाने ओ पेशींच्याही गुठळ्या होत होत्या. तोच आज जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो.

यात ज्या साखळीला ए-बीच्या साखरा जोडायच्या, तिचा एच नावाचा पायाच नसतो. त्याचं जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर. त्यामुळे माणसाकडे बीचं सुदृढ जनुक असलं तरी टाइलवर तो ओ दिसतो, आणि ते बी पुढे त्याच्या मुलात उघड होऊ शकतं. अशा रुग्णाला साधं ओ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. त्याला बॉम्बे गटाचंच रक्त लागतं. हा दोष अप्रभावी, आईवडील दोघांकडून आलेला. ते दोघे केवळ वाहक असतील तर प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता चारांत एक. म्हणूनच असा रुग्ण सापडला की रक्तपेढीने आधी त्याच्या सख्ख्या भावंडांना तपासायला बोलवावं.