वाळूच्या कणांमधील सृष्टी

समुद्रतळावरील वाळू निर्जीव भासते. परंतु तिच्या कणाकणांमधील पोकळ्यांत मिलिमीटरहूनही लहान अशा अपृष्ठवंशी प्राण्यांची दाट वस्ती असते. सूत्रकृमी आणि कोळंबीच्या दूरच्या नात्यातील कोपेपॉड हे तेथील प्रमुख रहिवासी होत. एका चौरस मीटरात त्यांची संख्या पुष्कळदा १० लाखांवर जाते.

१९८२ साली फ्रान्समधील रॉस्कॉफ येथे डॅनिश शास्त्रज्ञ क्रिस्टेन्सेन यांनी अशी वाळू गोड्या पाण्याने धुतली. त्या धक्क्याने कणांना घट्ट चिकटलेले काही जीव सुटून आले. ते कोणत्याही ज्ञात गटात बसेनात. म्हणून १९८३ मध्ये ‘लोरिसिफेरा’ हा नवा प्राणिसंघच मानावा लागला.

तळ खरवडणारी ट्रॉल जाळी ही अनाम सृष्टीही उलथून टाकते. ज्यांची मोजदादच झाली नाही, त्यांची हानी कोणाच्या हिशेबात येत नाही.