गळ टाकण्याआधी पाणी पाहा

मृगाचा पाऊस पडला की आमच्या लोटे परिसरात माणसे गळ घेऊन वहाळाकडे निघतात. जून-जुलैत समुद्रातील यांत्रिक मासेमारी बंद असते, बाजारची मासळी परवडत नाही. तेव्हा कामगाराच्या घरी कालवणाला वहाळ-तळ्याचाच आधार. परंतु गळ टाकण्याआधी पाणी पाहण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आहेत. वसाहतीचे सांडपाणी दाभोळ खाडीकडे जाते आणि त्या खाडीत मासे मरून वर आल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. पाण्यावर फेस वा तवंग असेल, उग्र वास येत असेल, तर तेथे गळ टाकू नये. मेलेला किंवा गुंगलेला मासा फुकट मिळाला म्हणून घरी आणू नये. विषारी धातू मासळीच्या अंगात साठतात; ते धुऊन किंवा शिजवून जात नाहीत. याचा त्रास लहान मुलांना व गरोदर भगिनींना अधिक.

चांगल्या पाण्यात सकाळची आणि सांजेची वेळ साधावी. पाणी गढूळ झाले की मासा वासावर येतो, म्हणून गांडूळ लावावे. निवळ पाण्यात रोहूसाठी कणकेचा गोळा चालतो. मरळ काठच्या गवतात सापडते. तिला जिवंत आमिष लागते. उन्हाळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर समजावे, पाण्यातला प्राणवायू कमी झाला आहे. तेव्हा मासा गळाला लागत नाही.

पंचशील पाळणाऱ्यांनी मासे मारावेत काय, असे आम्हाला विचारले जाते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी गरजेपोटी मारणे आणि केवळ मारण्याच्या इच्छेने मारणे यांत भेद केला आहे. म्हणून गरजेपुरतेच घ्यावे. चढणीचे मासे अंडी घालण्यासाठीच प्रवाहाविरुद्ध वर चढतात. गाभोळीने भरलेली मादी सोडून द्यावी. मरळीची लालसर पिल्ले थव्याने फिरत असतील तर आई-बाप जवळच राखण करीत असतात. त्यांना धरले तर सारी वीण गेली. सुरुंग लावून किंवा विष घालून मासे मारण्यास तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे.

धरणातील मासेमारी शासन ठेक्याने देते, म्हणून आधी चौकशी करावी. कोयनेच्या वीजगृहांचे पाणी वाशिष्ठीत सोडले जाते व पातळी एकाएकी वाढते; मुलांना एकटे नदीत पाठवू नये.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा पाण्यावरचा आपला हक्क जगाला दिसला. ते पाणी स्वच्छ राखणे हाही त्याच हक्काचा भाग आहे. वहाळात मेलेले मासे दिसले तर तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवा, फोटो काढा आणि ग्रामपंचायतीकडे व प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. अर्जाची पोच घेण्यास विसरू नका. तोंडी बोललेले विरून जाते, कागद राहतो.

जयभीम!