जुन्या बुलेटची गिअरपेटी : निदान आणि दुरुस्ती

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाची अपेक्षा अशी होती की आम्ही इतिहासावर काही लिहावे. तीस वर्षे तोच विषय शिकविल्यामुळे ती अपेक्षा रास्तही आहे. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत आमच्या वडिलांच्या बुलेटची गिअरपेटी आम्ही घराच्या ओट्यावर उघडली, दुरुस्त केली आणि पुन्हा बसविली. त्या आठ दिवसांत जे शिकावयास मिळाले ते आपल्या शाळेच्या परिवारासमोर ठेवावे असे वाटले. वाचकांपैकी अनेकांच्या घरी जुनी मोटारसायकल असेल. त्यांना या लेखाचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा, हाच हेतू आहे.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. भारतीय लष्करासाठी ३५० सीसीच्या बुलेट मागविल्या गेल्या आणि १९५५ साली मद्रास येथे त्यांच्या भारतातील निर्मितीसाठी कंपनी स्थापन झाली. या गाडीची चार गिअरची पेटी मुळात इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या अल्बियन या कारखान्याच्या रचनेची. पुढे अनेक दशके ती भारतात जवळजवळ त्याच स्वरूपात तयार होत राहिली. तिचे वैशिष्ट्य असे की ती इंजिनापासून स्वतंत्र आहे. आजच्या बहुतेक मोटारसायकलींत इंजिन व गिअर एकाच आवरणात असतात. गिअर पाहावयाचे तर इंजिन उतरवून दोन भागांत उघडावे लागते. जुन्या बुलेटच्या पेटीचे बाहेरचे झाकण मात्र गाडी स्टँडवर उभी असतानाच उजव्या बाजूने उघडता येते. घरी दुरुस्ती करण्याचे धाडस आम्ही केले ते या सोयीमुळेच.

आमच्या गाडीचे दुखणे असे होते. पायाने गिअर टाकल्यावर पेडल आपोआप मूळ जागी येईना. बुटाच्या टोकाने ते उचलावे लागे. काही आठवड्यांनी दुसरा गिअर चालत्या गाडीत निसटू लागला. घाट उतरताना आम्ही दुसऱ्या गिअरवर होतो, मागे पत्नी बसली होती. अचानक खट् असा आवाज झाला, इंजिनाचा अटकाव नाहीसा झाला आणि गाडी मोकळी सुटून उताराला धावली. केवळ ब्रेकवर ती वळणापूर्वी सावरली. घरी पोहोचेपर्यंत पत्नी एक शब्दही बोलली नाही. पोहोचल्यावर मात्र म्हणाली, "एक तर ही गाडी दुरुस्त करा, नाही तर विका."

ज्या कारागिराकडे आम्ही प्रथम गेलो, त्यांनी झाकणही न उघडता संपूर्ण पेटी बदलण्यास सांगितले. खर्च ऐकून आम्ही परतलो. त्यानंतर आठवण झाली ती आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याची. हा विद्यार्थी इतिहासात जेमतेम उत्तीर्ण होत असे. आज तालुक्याच्या गावी त्याचे स्वतःचे गॅरेज आहे. दूरध्वनीवर सर्व हकिकत ऐकून तो म्हणाला, "जयभीम सर. पाना हातात घेऊ नका अजून. आधी बाहेरून बघा, ऐका, फिरवून बघा. खोलायचं सगळ्यात शेवटी." इतिहासाच्या अभ्यासात साधनांचे बाह्यपरीक्षण आधी आणि अंतःपरीक्षण नंतर, असे आम्ही वर्गात सांगत आलो होतो. तेच सूत्र विद्यार्थ्याकडून परत मिळाले.

बाहेरून करावयाच्या परीक्षा चार आहेत.

पहिली क्लचची. गिअर न बसणे किंवा गाडी न ओढणे हा दोष पुष्कळदा पेटीचा नसून क्लचचा असतो. या बुलेटमध्ये किकचा जोर गिअरपेटी व क्लच यांच्यामार्फत इंजिनाकडे जातो. किक मारताना इंजिन न फिरता पाय नुसताच खाली जात असेल, तर क्लच घसरतो आहे किंवा किकचे दाते झिजले आहेत, असे समजावे. इंजिन बंद ठेवून गिअर टाकावा आणि क्लच दाबून गाडी ढकलावी; ती अडत असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही. आमचा क्लच या दोन्ही कसोट्यांना उतरला.

दुसरी चाकाची. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी, स्पार्क प्लग काढावा म्हणजे इंजिन हलके फिरते, आणि मागचे चाक हाताने फिरवीत एकेक गिअर टाकावा. उभ्या गाडीत दाते समोरासमोर येत नाहीत, म्हणून चाक पुढे-मागे हलवीत राहणे आवश्यक असते. पहिल्या गिअरमध्ये चाक जड लागते व चौथ्यात त्या मानाने हलके, कारण पहिल्यात चाकाच्या एका फेऱ्यात इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात. आमच्या गाडीत चारही गिअर बसत होते. दुसरा मात्र पेडल हाताने ओढून धरल्यावरच पूर्ण बसे.

तिसरी कानांची. चौथ्या गिअरमध्ये मुख्य शाफ्टचा जोर थेट चेनच्या चक्राकडे जातो. खालच्या शाफ्टवर भार येत नाही. म्हणून घरघर पहिल्या तीन गिअरांत ऐकू येते व चौथ्यात थांबते, अशी स्थिती असल्यास खालच्या शाफ्टचे गिअर किंवा बुश संशयास्पद समजावेत. न्यूट्रलमध्ये आवाज येतो आणि क्लच दाबताच थांबतो, असे असल्यास मुख्य शाफ्टची बेअरिंग तपासावी. आमच्याकडे असा कोणताही आवाज नव्हता.

चौथी तेलाची. पेटीतील तेल एका स्वच्छ ताटात काढून त्यात लोहचुंबक फिरविले. चुंबकावर काळसर बारीक भुकटी चिकटणे हे वयाचे लक्षण आहे. टोकदार कण अथवा दात्याचा तुकडा आढळणे हे मोडतोडीचे. चुंबकाला न चिकटणारे पिवळसर कण बुशाच्या झिजेचे असतात. आम्हाला भुकटी बरीच आढळली आणि तीन-चार चकचकीत कणही. तेल डांबरासारखे काळे होते. सहा वर्षे आम्ही ते बदललेच नव्हते, हे येथे मान्य केले पाहिजे.

एवढे झाल्यावर झाकण उघडले. किक, गिअरचे पेडल आणि टाचेने दाबावयाची न्यूट्रलची छोटी दांडी काढली, क्लचची केबल सोडविली आणि स्क्रू ढिले केले. गंजलेल्या स्क्रूवर आधी तेल सोडून रात्रभर ठेवावे व पेचकसाच्या मुठीवर हातोडीचे हलके ठोके द्यावेत. जोर केल्यास स्क्रूचे डोके जाते. किकची स्प्रिंग ताणलेली असते, ती सुटून बोटांना इजा होऊ शकते. निघालेली प्रत्येक वस्तू आम्ही वर्तमानपत्रावर निघाल्याच्या क्रमाने मांडली आणि प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेतले. वॉशर कोणत्या बाजूने होता हे दुसऱ्या दिवशी आठवत नाही, हा अनुभव पहिल्याच संध्याकाळी आला.

झाकणाच्या आतील बाजूसच दोन गोष्टी दिसल्या. पेडल मूळ जागी आणणारी स्प्रिंग तुटली होती. पेडलची हालचाल किती व्हावी हे ठरविणारी एक पट्टी तेथे असते. तिची छिद्रे लांबट असतात आणि ती दोन बोल्टांनी आवळलेली असते. ते बोल्ट ढिले होऊन पट्टी सरकली होती. आम्हाला आनंद झाला. नवी स्प्रिंग आणली, पट्टी जागेवर घेतली. पेडल वर आणि खाली सारख्या अंतरावर थांबावे व प्रत्येक वेळी गिअर पूर्ण बसावा, अशा बेताने ती ठेवावयाची असते; हालचाल कमी पडल्यास गिअर अर्धवट बसतो आणि अधिक झाल्यास पुढचा गिअर ओलांडला जातो. बोल्ट आवळून गाडी बाहेर काढली. पेडल उत्तम चालले. परंतु पहिल्याच उतारावर दुसरा गिअर पुन्हा निसटला.

येथे थांबण्याचा मोह फार होता. माजी विद्यार्थी रविवारी स्वतः आला, सोबत क्लच उपसण्याचे हत्यार घेऊन. मुख्य शाफ्ट बाहेर काढावयाचा तर डाव्या बाजूचा क्लच आधी उतरवावा लागतो, आणि त्या हत्याराशिवाय तो निघत नाही. आतले झाकण काढून गिअर बाहेर घेतल्यावर त्याने सरकणाऱ्या गिअरच्या बाजूचे ठोकळ्यासारखे दात आमच्या बोटाखाली धरले. हे दात शेजारच्या गिअरच्या खाचांत अडकतात, तेव्हाच दोन्ही एकत्र फिरतात. त्यांच्या कडा कोऱ्या रुपयाच्या नाण्यासारख्या धारदार हव्यात. आमच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झाल्या होत्या. अशा गोल कडा भार उलटताच, म्हणजे उतारावर रेस सोडताच, एकमेकींना बाहेर ढकलतात.

"सर, गिअर झिजला म्हणून निसटत होता हे बरोबर. पण झिजला कशामुळे?" त्याने विचारले.

उत्तर वर्तमानपत्रावरच मांडलेले होते. पट्टी सरकली, म्हणून गिअर अर्धाच बसू लागला. अर्धा बसल्यामुळे सर्व भार दातांच्या टोकांवर आला. टोके गोल झाली. मग गिअर निसटू लागला. १८५७ च्या उठावाचे तात्कालिक कारण काडतुसे, परंतु मूलभूत कारणे निराळी, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. केवळ नवे गिअर घातले असते तर ढिल्या पट्टीने तेही झिजले असते. केवळ पट्टी आवळली तर काय होते, हे आम्ही पाहिलेच होते. दोन्ही करणे आवश्यक होते.

एकमेकांत अडकणारे दोन्ही गिअर जोडीनेच बदलावे लागतात, कारण जुन्या खाचेत नवा दात नीट बसत नाही. गिअर सरकविणारा फोर्क तपासला. तो वाकलेला वा झिजलेला नव्हता. सर्व भाग रॉकेलने धुतले. हे काम मोकळ्या हवेत, आगीपासून दूर करावे. नवे पॅकिंग वापरले. झाकण लावण्यापूर्वी शाफ्ट हाताने फिरवीत चारही गिअर टाकून पाहिले. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले, म्हणजे झाकण वाकडे बसत नाही. पुस्तिकेत सांगितलेले तेल सांगितलेल्या पातळीपर्यंत भरले.

इतके होऊन क्लचचा दांडा दाबला तो लोण्यासारखा मऊ. मुख्य शाफ्ट पोकळ असतो आणि त्यातून क्लच ढकलणारी सळई जाते. ती सळई वर्तमानपत्रावर तशीच पडली होती. झाकण पुन्हा काढले, पॅकिंग फाटले, दुसरे आणले. विद्यार्थी हसला नाही, म्हणाला, "सर, पहिल्या वर्षी मी तीनदा विसरलो होतो."

दुरुस्तीनंतर त्याच घाटातून आम्ही प्रथम एकट्याने, हळू, पाच वेळा उतरलो. रेस सोडून व पुन्हा देऊन दुसरा गिअर टिकतो याची खात्री केली. त्यानंतरच पत्नीला मागे बसण्याची विनंती केली. तेल बदलल्याची तारीख आता अवजारांच्या पेटीच्या झाकणावर आतून लिहिलेली आहे.

झिजलेला गिअर आम्ही शाळेच्या इतिहासाच्या कपाटात, नाण्यांच्या नमुन्यांशेजारी ठेवला आहे. मेळाव्यास येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी तो अवश्य हातात घ्यावा आणि त्याच्या कडांवरून बोट फिरवून पाहावे. ज्याने तो बाहेर काढला, तोही त्या दिवशी उपस्थित राहणार आहे. यंत्राविषयीच्या शंका आम्हाला न विचारता त्याला विचाराव्यात.