मैदान सोडल्यानंतर

फुटबॉल म्हटले की ब्राझीलचे नाव ओठांवर येते. १९५८ ते २००२ या काळात या देशाने पाच वेळा विश्वचषक जिंकला. तेथील असंख्य गरीब घरांतील मुलांना फुटबॉल हाच दारिद्र्यातून बाहेर पडण्याचा मार्ग वाटतो. परंतु बहुतेक खेळाडूंची कारकीर्द पस्तिशीच्या आसपास संपते. उरलेले आयुष्य कसे जगायचे, हा प्रश्न मग प्रत्येकापुढे उभा राहतो.

गारिंचा यांचा जन्म १९३३ साली पाऊ ग्रांदे या गिरणीच्या गावात झाला. त्यांचे पाय जन्मतःच वाकडे होते. लहान वयातच ते कापडगिरणीत कामाला लागले. १९६२ च्या विश्वचषक स्पर्धेत पेले जायबंदी झाले, तेव्हा संघाला विजयापर्यंत नेले ते गारिंचा यांनीच. मात्र पैशाचा व्यवहार त्यांना कधी जमला नाही. कोऱ्या करारपत्रावरही ते सही करून देत, असे सांगितले जाते. खेळ थांबल्यावर हाती पैसा उरला नाही. मद्याचे व्यसन मात्र सुटले नाही. १९८३ मध्ये वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

१९७० च्या विश्वविजेत्या संघातील तोस्ताओ यांची वाट निराळी ठरली. चेंडू लागून डोळ्याला झालेल्या इजेमुळे १९७३ मध्ये, अवघ्या २६ व्या वर्षी, त्यांना खेळ सोडावा लागला. ते खचले नाहीत. त्यांनी वैद्यकशास्त्राचा अभ्यास केला, डॉक्टर म्हणून काम केले आणि पुढे वृत्तपत्रांतून फुटबॉलवर लेखन केले.

१९८२ च्या संघाचे कर्णधार सॉक्रेटिस यांनी तर खेळत असतानाच वैद्यकीय पदवी मिळवली. देशात लष्करी राजवट असताना त्यांच्या कोरिंथियन्स क्लबमध्ये खेळाडू आणि कर्मचारी मतदानाने निर्णय घेऊ लागले. त्या प्रयोगात सॉक्रेटिस अग्रभागी होते. मात्र मद्यपानाने त्यांचीही प्रकृती ढासळली आणि २०११ मध्ये ५७ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. केवळ ज्ञान पुरेसे नसते, त्याला संयमाची जोड लागते, हे यावरून दिसते.

लहानपणी बूटपॉलिश करणारे पेले १९९५ ते १९९८ या काळात क्रीडामंत्री होते. पूर्वी करार संपला तरी खेळाडूवरील क्लबचा हक्क संपत नसे. त्याला दुसरीकडे जायचे असल्यास क्लबची संमती लागे. १९९८ च्या ‘पेले कायद्या’ने ही पद्धत मोडण्याचा मार्ग खुला केला. २०२२ मध्ये पेले यांचे निधन झाले.

कायद्याने खेळाडूला संरक्षण मिळते. तरीही सही करण्यापूर्वी करार वाचणे आणि तो समजून घेणे हे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. गारिंचा यांच्या पायांत जादू होती. ही सवय मात्र त्यांना कोणी लावली नव्हती.